खडकात पोचलेलं वादळ

जमिनीची नाडी बघण्यात तिची सतरा वर्षं गेली होती. समुद्रात वादळ खवळलं की लाटांचे दणके तळाला बसतात आणि ती थरथर दूरच्या खडकापर्यंत पोचते, हे भूकंपमापन केंद्रातल्या या बाईला नवं नव्हतं. पण सकाळपासून पडद्यावरची थरथरीची रेघ दुप्पट जाड झाली होती. हवामान खात्याचं पत्रक तर सांगत होतं, वादळ ओसरलं.

जनरेटरचा हादरा तर नाही ना, म्हणून तिने तो बंद करून पाहिला. रेघ तशीच. शेजारच्या केंद्राला विचारलं. तिथेही तेच. मग तिने थोरल्या भावाला फोन लावला. तो बंदराचा प्रमुख होता.

"दादा, फेरीबोट सुटली?"

"सुटतेय. दीडशे माणसं चढताहेत. का गं?"

"सोडू नकोस. वादळ वाढतंय."

"चिमे, इथे लख्ख ऊन आहे! तू भूकंप बघ बाई, पाऊसपाणी बघायला दुसरे आहेत."

"पत्रक मीही वाचलंय. पण खडक खोटं कशाला बोलेल?"

"चुकलीस, तर माझी नोकरी गेली."

"माहीत आहे."

त्याने बोट थांबवली. लोकांनी त्याला धारेवर धरलं. फोनमधून तिला तो कालवा ऐकू येत होता. एक वाजला, दोन वाजले, वारा नाही की ढग नाही. त्यात रेघ किंचित बारीक झाली. लपवावं? तिने पुन्हा फोन लावला.

"दादा, थरथर जरा उतरलीय. तरी मी नको म्हणते."

"लोक माझी गचांडी धरायला आलेत!" तो ओरडला. मग म्हणाला, "बरं. चार वाजेपर्यंत. पुढे मात्र नाही."

साडेतीनला पहिली उंच लाट बंदराचा धक्का ओलांडून आली. पाठोपाठ वारा सुटला. दोरखंडांनी बांधलेली बोट खेळण्यासारखी आपटू लागली, तिचा कठडा तुटून पडला. माणसं तोवर गोदामात होती. दोघंतिघं खरचटली, तेवढंच.

सहाला भावाचा फोन आला. आवाज बसला होता.

"सगळे आहेत गं."

तिने तोंडाला पदर लावला आणि हुंदका आवरला.

"ऐकतेस ना?" त्याने विचारलं. "जेवलीस का काही सकाळपासून?"