मोजणीच्या कागदावरची सही

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी ज्यांना ज्यांना बोलले, त्यांना वाईट वाटायला नको.

माझं शिवणकामाचं दुकान रस्त्याला लागून आहे. दाराबाहेर पाऊल टाकलं की समोर ट्रकचं चाक. फूटपाथ नाही, नुसती हातभर माती आणि लगेच उघडं गटार. शाळा इथून जेमतेम चारशे पावलांवर, पण रस्त्यानं जायची कुठल्याच पोराची हिंमत होत नाही. भंगारवाल्याच्या कुंपणाला भोक आहे. त्यातून वाकून शिरायचं, नाल्यावरची फळी ओलांडायची आणि शाळेच्या मागच्या भिंतीशी निघायचं. आमची ठकी तिसरीत आहे. गेल्या महिन्यात ती त्या फळीवरून घसरली आणि हनुवटीला तीन टाके पडले. दवाखान्यातून येताना तिनं विचारलं, "आई, उद्या कुठून जाऊ?" त्या दिवसापासून माझं डोकं फिरलेलं आहे.

दुसऱ्याच दिवशी रस्ते खात्याच्या कचेरीत गेले. तिथल्या मॅडमनी शांतपणे फाईल काढली आणि एक कागद माझ्यापुढे सरकवला. गेल्या वर्षीची मोजणी होती ती. या रस्त्यानं पायी चालणारे, दोन दिवसांत अकरा. त्यात मुलं, शून्य. सबब फूटपाथची गरज नाही, निधी रस्ता रुंद करायला वळवावा. म्हणजे ती हातभर मातीही जाणार. आणि खाली साक्षीदार म्हणून माझी सही.

तळपायाची आग मस्तकात गेली, आणि मग सगळं आठवलं. एक मोजणीवाला आला होता. हातात बोटानं दाबायचं यंत्र. उन्हात कुठे बसेल बिचारा म्हणून मीच त्याला स्टूल दिलं, पाणी दिलं. दोन दिवस माझ्याच दुकानाच्या सावलीत बसून होता. जाताना म्हणाला, ताई, इथे एक सही लागेल. तोंडात टाचण्या, मांडीवर कुणाचं तरी अर्धवट झंपर, मी न वाचता केली. तेव्हा शाळेला सुट्टी होती हो! सुट्टीत शाळकरी पोरं मोजायला आलेला हा शहाणा, आणि त्याच्यावर कडी म्हणजे मी.

मॅडमशी तासभर भांडले. शेवटी त्या फेरमोजणीला तयार झाल्या, शाळेच्या दिवशी, येत्या मंगळवारी. पण नियम असा की रस्त्यावर चालतील तेवढीच पोरं धरणार, भंगाराच्या आवारातून जाणारी नाही. म्हणजे फूटपाथ हवा असेल तर आधी पोरं ट्रकसमोर काढून दाखवायची. मी तसं तोंडावर बोलले. त्या म्हणाल्या, नियम मी केलेला नाही.

घरी येऊन सांगितलं तर सासूबाईंनी साफ नकार दिला. एका कागदासाठी त्यांची नात रस्त्यावर चालणार नाही. आमचं दोघींचं मिठाच्या प्रमाणावरूनही पटत नाही, पण यात त्यांचंच बरोबर होतं. रात्री त्याच म्हणाल्या, पोरं चालतील, पण आधी मोठी माणसं उभी राहतील.

मंगळवारी तसंच केलं. गटारापासून चार फुटांवर मी चुन्याची रेघ मारली. पाठीवर दप्तर, हाताला धाकटं भावंड, एवढी रुंदी लागतेच. पोरांची मापं मला कोणी शिकवायला नकोत. दुकानापासून शाळेच्या फाटकापर्यंत त्या रेघेवर घरोघरची माणसं हातात हात धरून उभी राहिली. शेजारचा गॅरेजवाला शटर ओढून आला. सासूबाई दुखऱ्या गुडघ्यांनिशी त्याच्या शेजारी. एका ट्रकवाल्यानं शिवी दिली, गॅरेजवाल्यानं ती व्याजासकट परत केली. आतल्या बाजूनं पोरं चालली, एकशे त्रेसष्ट. ठकी हनुवटीवर पट्टी लावून मधोमध चालली होती, जणू रोजचाच रस्ता. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

माणसं कामाला पांगली आणि तोच गेल्या वर्षीचा मोजणीवाला कागद घेऊन दुकानात आला. या वेळी मी टाचण्या आधी डबीत ठेवल्या आणि ओळ न् ओळ वाचली. मुलं, एकशे त्रेसष्ट. आणि खाली शेरा: वाहनांचा वेग अत्यंत कमी, रस्ता पादचाऱ्यांसाठी सुरक्षित.

"वेग कमी कोणी केला?" मी विचारलं.

कारण लिहायला रकाना नाही, म्हणाला, दिसलं ते लिहिलं. वर म्हणतो, शाळेचा शिक्का हवाय, कोणाला तरी पाठवता का. त्याच्या स्कूटरची किल्ली माझ्या टेबलावर होती. मी तिच्यावर हात ठेवला.

"स्वतः जा. चालत. चारशे पावलं आहेत."

तो गेला. माणूस वाईट नव्हता, मला त्याची काळजीच वाटत होती. बऱ्याच वेळानं आला तो एक पाय गुडघ्यापर्यंत काळा, एक चप्पल हातात, आणि दुसऱ्या हातात कागद उंच धरलेला. शिक्का मारून आणला होता. त्याच स्टुलावर बसून तांब्याभर पाणी प्यायला.

"दोनदा उतरलो गटारात," तो म्हणाला. मग चप्पल खाली ठेवत, "ती पट्टीवाली मुलगी कितवीत आहे?"

"तिसरीत. माझी आहे."

त्यानं शेरा खोडला. रकाना नव्हता म्हणून समासात लिहिलं: वेग कमी होता कारण माणसं आडवी उभी होती. ती गेल्यावर मी स्वतः चाललो. या रस्त्यानं चालता येत नाही. मी वाचलं आणि कागद त्याच्याकडे फिरवला. साक्षीदार आज तुम्हीही आहात, म्हटलं, आधी तुमची सही. त्यानं केली, त्याखाली मी.

कागद मी स्वतः नेऊन दिला. त्याला गटाराचा वास येत होता. मॅडमनी तो दोन बोटांत धरला आणि स्वच्छ प्रत करून आणायला सांगितलं. मी म्हटलं, हाच फायलीत लावा. पोच घेतल्याशिवाय मी खुर्चीवरून उठले नाही.

पंधरा दिवसांनी मंजुरी आली. रुंदीकरण रद्द, फूटपाथ चार फुटांचा, काम मात्र तीन महिन्यांनी सुरू. ठकीनं पत्र अक्षर लावून वाचलं आणि पुन्हा तेच विचारलं, "मग उद्या कुठून जाऊ?"

"रस्त्यानं," मी म्हटलं. "आम्ही उभे असू."