माप आईचं

शिरीषदादाने फोनवर आधी रीतसर सांत्वन केलं. काकू म्हणजे आम्हाला दुसरी आईच, वगैरे. मग घसा साफ करून म्हणाला, "मेधा, एक चांगली बातमी आहे. काकूची ॲड परत लागणार आहे."

नेदरलँड्समधल्या माझ्या फोरबर्गच्या घरात, जेवणाच्या टेबलावर फोटो पसरून, दुसऱ्या दिवशीच्या तेराव्यासाठी मी आईचा एखादा बरा फोटो शोधत होते. कुठली ॲड, हे विचारायची गरज नव्हती.

आईने अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात, एका ड्रायक्लीनरच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून, वर्षानुवर्षं लोकांच्या पँटी आखूड केल्या, चेन बदलल्या. बाबा तिथेच गेले. विमा कंपनीने त्यांचा एक उपचार नाकारला आणि फेरविचार होईपर्यंत ते राहिले नाहीत. पुढच्या निवडणुकीत शिरीषदादा, म्हणजे माझा चुलतभाऊ, कॅमेरावाल्यांना घेऊन आईकडे आला. संस्थेचं नाव 'सुजाण कुटुंबं'. इतक्या निरागस नावामागे कोण असेल, हा प्रश्न त्याला पडला नाही. पक्षाच्या भारतीय समितीवर त्याची नुकतीच वर्णी लागली होती आणि उमेदवाराच्या खांद्याला खांदा लावून काढलेला फोटो त्याच्या दिवाणखान्यात देवांपेक्षा वर टांगलेला होता.

आई दुपारभर विमा कंपनीबद्दल बोलली. त्यातलं एकच वाक्य त्यांनी ठेवलं: "आमच्या माणसाचं काय करायचं, ते ठरवणारे हे कोण?" मागे सरकारी इमारतीचं चित्र लावलं, म्हणजे 'हे' म्हणजे सरकार वाटावं. विमा कंपन्यांना वेसण घालू म्हणणाऱ्या उमेदवाराला पाडण्यासाठी ती जाहिरात होती. ज्याला फायदा झाला तो म्हणाला, या संस्थेशी माझा संबंध नाही. कायद्याने ते खरंही होतं. त्याचा जुना प्रचारप्रमुख तिथे नोकरीला होता, एवढंच. वाहिन्यांनी दिवसभर पैसे घेऊन जाहिरात दाखवली आणि संध्याकाळी तिच्यावर गंभीर चर्चा ठेवल्या. पैसा विमा कंपन्यांचाच होता असं एका छोट्या वर्तमानपत्राने छापलं, तोवर विजयाचे फुगे फुटून गेले होते.

आणि टिकली. बाबा गेल्यावर आईने टिकली लावणं सोडलं होतं. विधवेने लावू नये असं तिचं मत मुळीच नव्हतं. तिला स्वतःला लावावीशी वाटत नव्हती. मेकअपवाल्या मुलीने मोठी लाल टिकली तिच्या कपाळावर चिकटवली. टिकली दिसली की भारतीय मतदार थांबून बघतो, असं त्यांच्या पाहणीत आलं होतं म्हणे. माझी आई नवऱ्याच्या मरणाबद्दल बोलत, ती टिकली लावून, राज्यभर दिसली. देवळातल्या बायकांनी तिला त्याबद्दल विचारलं. त्यानंतर ती देवळात गेली नाही.

माझ्याकडे राहायला आली तेव्हा एकदाच त्यावर बोलली. "माप माझं घेतलं गं, कपडा दुसऱ्याचा शिवला."

मी शिरीषदादाला म्हटलं, थांबव ते.

"अगं, काकूने सही दिलीये. आणि लोकांना ती फार आवडते. टेस्टिंगमध्ये सगळ्यात वर."

"ती गेली, दादा."

"तेच तर. आता जास्त भिडेल." मग त्याने त्या जाहिरातीतला फोटोच पाठवला. तेराव्याला हाच लाव, म्हणाला, प्रसन्न आलाय.

मी त्याच दुपारी विरुद्ध पक्षाला लिहिलं. यात मला काय हवं होतं ते अगदी साधं होतं: आई काय म्हणाली होती, ते कुणीतरी पूर्ण सांगावं. त्यांचं उत्तर विजेच्या वेगाने आलं आणि तासाभरात संहिता नावाची मुलगी पडद्यावर हजर झाली. तिकडेच वाढलेली, मराठी अडखळत पण हौसेने बोलणारी. आमची गोष्ट ऐकून तिचे डोळे खरोखर भरून आले. मी कॅमेऱ्यासमोर बसून सगळं सांगावं, असं तिचं म्हणणं. फक्त विमा कंपनीचं नाव घ्यायचं नाही. 'विमा' हा शब्दही टाळला तर बरं.

"मग काय म्हणू?"

"'ते लोक' म्हणा ना ताई. ते आमच्या साइडलाही थोडं डोनेट करतात."

मी टेबलावरचे फोटो गोळा करू लागले. तिला वाटलं, मी तयार आहे.

"आणि ताई, तुमच्याकडे टिकली असेल ना? म्हणजे आईशी कनेक्ट होईल."

मी लॅपटॉप मिटला. मोठ्याने नाही.

आईचा फोटो शेवटी तिच्या इथल्या रहिवासी कार्डासाठी काढलेला निघाला. शेजारच्या लायडस्खेनडाम गावातल्या फोटोवाल्याने तिला हसू दिलं नव्हतं, नियमच तसा. मोकळं कपाळ, सरळ नजर, ओठ मिटलेले. तो मोठा करून घेतला. थोडा भुरकट आला.

तेराव्याला द हेगमधली चार मराठी घरं आली. सुपरमार्केटातल्या शेवंतीचा हार मीच ओवला होता. काकूंचा याहून बरा फोटो नव्हता का, असं त्यांच्यातल्या मंजूषाने हळूच विचारलं. माझा फोन मात्र सारखा थरथरत होता. शिरीषदादा जाहिरातीची लिंक पाठवत होता; पहिल्या दिवशी किती लोकांनी पाहिली, तेही.

गुरुजींनी गंधाची वाटी घेतली आणि सवयीने बोट फोटोतल्या कपाळाकडे नेलं.

"गुरुजी," मी म्हटलं, "फ्रेमला लावा. कपाळाला नको."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. खालच्या लाकडी पट्टीवर त्यांनी गंधाचा एक ठिपका ठेवला आणि बोट धोतराला पुसलं.