पिवळ्या खडूची खूण

गाडीचं इंजिन बाहेर काढून लेनर्ड वोयचिकनं त्यामागच्या पत्र्यावरचा वर्षानुवर्षांचा चिकटा हलक्या हातानं पुसला आणि दिवा जवळ ओढला. पत्र्यावर पिवळ्या खडूची खूण होती. एक फराटा, त्याच्या टोकाला डावीकडे वळलेला, गळासारखा आकडा. त्याची डावखुरी बायको टेरेसा मोटारींच्या कारखान्यात स्टिअरिंगचे बोल्ट तपासले की अशीच खूण करायची. घरच्या कॅलेंडरवर सरलेला दिवसही ती तसाच खोडायची.

ती जाऊन दीड वर्ष झालं होतं. ही जुनी थ्रॅशर गाडी दोघांनी हौसेनं विकत घेतली, ती वीस वर्षं अंगणात राहिली, पण ती टेरेसाच्याच हाताखालून गेली होती याचा दोघांनाही पत्ता नव्हता.

त्याच कारखान्यात लेनर्डनं या गाडीचा आकार मातीच्या नमुन्यात घडवला होता. लांबलचक बॉनेट, आखूड शेपूट, आणि बॉनेटवर हवा ओढायला फुगीर नाक. साहेबांनी खर्च वाचवायला नाकाचं भोक बुजवलं, तेव्हापासून टेरेसाला आयतंच कोलीत मिळालं.

"तुम्ही वरच्या मजल्यावर मातीत खेळता, गाड्या आम्ही करतो," ती म्हणायची. "आणि नाकाला भोकच नाही. तुझ्या गाडीला बारमाही सर्दी का रे?"

सर्दी असो नसो, गाडी पळायची. विमावाल्यांच्या डोळ्यांत धूळ फेकायला कागदावर इंजिनाची ताकद कमी दाखवलेली. शनिवारी वुडवर्ड रस्त्यावर सिग्नल सुटला की शर्यती लागायच्या, तिथं मात्र खरं काय ते कळायचं. पुढं विमा महागला, धुराचे नियम आले, पेट्रोल भडकलं. इंजिनं मिळमिळीत झाली आणि नाक नुसतं शोभेला उरलं.

आता लेनर्डला एकच हवं होतं: ऑगस्टमधल्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनातलं सुवर्णपदक. दोनदा थोडक्यात हुकलं होतं, आणि गुडघे पाहता ही शेवटचीच खेप.

"पत्रा गंजतोय, लेन," शेजारचा रंगारी डार्नेल म्हणाला. "घासून काढ, रंग मार, वर नवी खूण काढ. सगळे तेच करतात."

ते खरंच होतं. गाडी कारखान्यातून निघाली तश्शी हवी, म्हणून लोक रंगाचे ओघळसुद्धा मुद्दाम पाडायचे, कामगारांच्या खुणा फोटो बघून गिरवायचे, आणि त्याचे गुण मिळायचे.

लेनर्डनं पुठ्ठ्यावर हात चालवून पाहिला. जन्मभर रेषा घोटलेला हात तो. खूण देखणी यायची, तिची यायची नाही. शेवटी त्यानं खुणेभोवतीचा तळहाताएवढा पत्रा तसाच ठेवला, त्यावर पारदर्शक वार्निश दिलं आणि उरलेला रंगवला. स्टिअरिंगच्या त्या बोल्टांनाही पाना लावला नाही.

"गुण जातील," डार्नेल म्हणाला.

"बघू."

गाडी ट्रेलरवर चढवून दोघांनी प्रदर्शनात आणली. तिथं परीक्षक विजेरी घेऊन बॉनेटखाली वाकला. तरुण होता, अदबशीर होता. त्यानं फोनमधला जुना फोटो काढून पत्र्याशी ताडून पाहिला.

"गाडी फार सुंदर केलीत, मिस्टर वोयचिक. पण ही खूण चुकली. आकडा उजवीकडे वळायला हवा. गिरवताना फोटो उलटा धरला असणार, होतं असं. सुवर्णपदक तेवढ्यानं गेलं बघा."

डार्नेल तोंड उघडणार, तोच लेनर्डनं त्याचा दंड धरला. मैदानातल्या एवढ्या गिरवलेल्या खुणांत ही एकच खरी, आणि तीच खोटी ठरली होती. त्याला वाईट वाटायला हवं होतं. पण टेरेसा पोट धरधरून हसली असती हे त्याला दिसलं, आणि तिच्या जाण्यानंतर पहिल्यांदाच तोही मनापासून हसला.

"बरोबर आहे तुमचं," तो परीक्षकाला म्हणाला.

मग त्यानं डार्नेलला सांगितलं, "ट्रेलर रिकामाच घरी ने. मी ही गाडी वुडवर्डवरून चालवत नेतो."

"वेडा झालास? इतक्या वर्षांचं स्टिअरिंग आहे ते, म्हाताऱ्या."

लेनर्ड गाडीत बसला आणि त्यानं किल्ली फिरवली.

"बोल्ट तिनं तपासलेत," तो म्हणाला.