गुरुलिंग अज्जांची मांडी

या, असे पुढे सरका. भिंतीला टेकून ऐकायची ही गोष्ट नव्हे. बुवा कीर्तनाला उभे राहायला अजून अवकाश आहे, तोवर एका पोरीची आणि एका म्हाताऱ्याची हकिकत ऐका. देवाची नाही ही, पण देव तिच्यातून हळूच येऊन जातो.

"मोडतीस काय गं पाय?" गुरुलिंग अज्जा ओरडले.

"मोडला तर जोडीन की. श्वास सोडा," अक्षता म्हणाली आणि एक हात गुडघ्याखाली धरून तिनं पाय आणखी जरासा दुमडला.

सोलापुरातल्या एका वृद्धाश्रमातली ही रोजची सकाळ. अक्षता तिथली नर्स. अक्कलकोटकडची, घरी कानडी बोलणारी. तिच्या नर्सिंगच्या शिक्षणाला एका ट्रस्टनं कर्ज दिलेलं. बोली अशी की, शिकून झाल्यावर ट्रस्टच्या वृद्धाश्रमात तीन वर्षं सेवा केली की सगळं कर्ज माफ. अक्षतानं सही केली ती त्या माफीसाठीच. मन पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात. तिकडे गेलेल्या मैत्रिणी फोनवर चिडवायच्या, "काय गं, आज किती कवळ्या धुतल्या?"

अज्जा म्हणजे मार्केट यार्डातले कांद्याचे जुने अडते. लांबलेल्या आजारानं अंथरुणाला खिळले, ते गुडघे वर धरून पडल्या पडल्या तसेच आखडले. अक्षतानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "काय व्हायला पाहिजे तुमाला, अज्जा? चालायचंय?"

"चालून कुटं जाऊ? मला नीट मरायचंय."

दुसरी कुणी घाबरली असती. अक्षता त्यांच्याच समाजातली, तिला उमगलं. लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. मांडी घालून बसवतात आणि तसंच समाधी देतात.

"आमचा थोरला भाऊ, महेश्वर, असाच आखडून गेला," अज्जा छताकडं बघत म्हणाले. "चौघांनी गुडघं दाबलं तवा बसला. त्यो आवाज हाय माझ्या कानात. माझी मांडी मीच घालणार, जित्तेपणी."

"घालू की," अक्षता म्हणाली.

तेव्हापासून गुडघे बोटाबोटानं खाली येऊ लागले. शिव्या मात्र तेवढ्याच राहिल्या.

मुलगा अमरेश रविवारी यायचा आणि दारातूनच बोलायचा. एकदा म्हणाला, "कशाला तरास करून घेता, अप्पा? पडा की निवांत. ह्या पोरी कर्ज माफ होईपर्यंतच असत्यात, मग पळत्यात."

तो गेल्यावर अज्जांनी विचारलं, "खरं व्हय गं?"

अक्षताला खोटं बोलवेना. "खरं हाय, अज्जा."

"बरं झालं सांगितलीस. फुकट येणाऱ्याचा भरवसा न्हाय. सौद्याचं माणूस रोज येतंय." आणि त्यांनी पाय पुढं केला.

दिवस का कुणासाठी थांबतात? तिसरं वर्ष सरलं, ट्रस्टनं कर्ज माफ केलं. पुण्याची नोकरी ठरलेलीच होती. अज्जांचा उजवा पाय आता छान दुमडायचा, डावा गुडघा तेवढा अजून टोपलीसारखा वर. अक्षतानं त्यांना सांगितलं.

"सौदा पुरा झाला," अज्जा म्हणाले. "नीघ. थांबू नगस." आणि त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

त्या संध्याकाळी ती सिद्धेश्वराच्या देवळात गेली. हात जोडले, डोळे मिटले. काय मागावं सुचेना. डोळ्यांपुढं सारखा तो डावा गुडघाच.

सकाळी ती अज्जांच्या खाटेपाशी उभी.

"आज फुकट आलीस व्हय?"

"फुकट कशाला? पगार हाय की. पुण्याला कळवलं, येत न्हाय म्हणून."

अज्जांनी डावा पाय दोन्ही हातांनी उचलला आणि तिच्या हातात दिला.

पुढं एका रविवारी अमरेश शेंगाच्या पोळ्या घेऊन आला आणि दारात थबकला. अज्जा खाली चटईवर, कशालाही न टेकता, मांडी घालून बसले होते. पुढ्यात ताट.

"उभा का? ये जेवायला."

अमरेश बसायला गेला. रोजचं जेवण टेबलावर, त्यात सुटलेलं पोट. मांडी काही पडेना, एक पाय लांबच राहिला. अज्जा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"अक्षता, ह्येला पण घे गं कामाला. ह्येचा सौदा येगळा कर."

तिनं पाण्याचा पेला अज्जांच्या हातात दिला आणि एक उशी आणून अमरेशच्या गुडघ्याखाली सरकवली. बापलेक समोरासमोर बसून पोळी मोडून खाऊ लागले.

मरणाचा विषय अज्जांनी त्यानंतर काढलेला नाही. कीर्तन आटोपून घरी जाल, पानं वाढली जातील. मांडी घालून पहिला घास घ्याल ना, तेव्हा त्या पोरीची, आमच्या अक्षताची, एवढी आठवण काढा.