खरखरी

चष्मेवाल्याने स्वतःच्याच दुकानाच्या कार्डाचा कोपरा दातांनी फाडला, त्याची इवलीशी घडी केली आणि गिटारच्या मानेवर, जाड तारेखाली, दाबून बसवली. मग अंगठ्याने तार हळूच छेडून पाहिली. खर्रर्र. दुपारी जेवून पसरलेला माणूस घोरावा, तसा आवाज.

"झालं का? इथे माझी मान अवघडली," बायको म्हणाली. ती खिडकीकडे तोंड आणि त्याच्याकडे पाठ करून बसली होती.

"अगं, म्हातारी आहे ती. सुरात यायला वेळ घेणारच."

"आईबद्दल बोलतोयस की गिटारबद्दल?"

"दोघींचा मान सारखाच."

बायकोचे खांदे हलले. हसली ती. एरवी तिला हसवलं की त्याची कॉलर ताठ व्हायची. आज त्याने घाईघाईने घडी आणखी आत सारली.

आई म्हणजे त्याची सासू. घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि उद्या हॉस्पिटलातून थेट इथेच यायची होती. याच खोलीत, जिथे इतकी वर्षं फक्त गिटारी नांदल्या. भिंतीवर गिटारी, कपाटावर गिटारी, पलंगाखालीही गिटारीच. "पलंगाच्या डोक्यावर तीन खुंट्या राहतील," बायकोने सांगितलं होतं. "त्या तीन मी निवडणार. न बघता, कानाने. बाकीच्या कुणाच्या गळ्यात मारायच्या ते तुझं तू बघ." आणि निवडायची पद्धत तिने त्याच्याच धंद्यातून उचलली. दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे काचा बदलत विचारतो ना, तशीच. पहिली की दुसरी?

आता चष्मेवाला मुळातच चावट. एखादं फार शहाणं गिऱ्हाईक आलं की काच काढायचा, तीच पुन्हा घालायचा आणि गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "आता? आता स्पष्ट दिसतंय?" गिऱ्हाईक खूश. "वा! आता कसं लख्ख!" घरी येऊन त्याची नक्कल करताना याला हसू आवरायचं नाही. आजही त्याने सुरुवातीलाच एक गिटार दोनदा वाजवून विचारलं होतं, पहिली की दुसरी?

"दोन्ही एकच. मी तुझं गिऱ्हाईक नाही."

तिथेच त्याने शहाणं व्हायला हवं होतं.

दोन खुंट्या ठरल्या. मग ती म्हणाली, "तिसरी खरखरी. ती काही मी सोडणार नाही. पण आधी वाजव, खूप दिवसांत ऐकली नाही."

खरखरी ही त्याची पहिली गिटार. लग्नाला महिनाही झाला नव्हता, दोघांत एकच खोली होती आणि अंधारात बायको चुकून तिच्यावर बसली. मानेवरच्या आडव्या पट्ट्यांपैकी एक उचकटली आणि जाड तार त्या जागी खरखरायला लागली. त्याने ती कधी नीट करून घेतली नाही. उलट येईल त्या पाहुण्याला ऐकवायचा, "ही आमच्या हिच्या बुडाची सही!" पाहुणे खो खो हसायचे. बायकोही हसायची. पहिली काही वर्षं तरी मनापासून.

आणि ती खरखरी मागच्याच आठवड्यात त्याने देऊन टाकली होती.

वाद्यांच्या दुकानात एक काळी गिटार दिसली, मानेवर शिंपल्याचं नक्षीकाम, आणि गडी पाघळला. "बदल्यात जुनी काही आहे का?" तिथल्या मालकाने विचारलं. चांगल्यातली द्यायला जीव होईना, म्हणून याने खरखरीला कापडी पिशवीत घालून नेलं. मालकाने तारा छेडत तिच्या मानेवर वरपासून खालपर्यंत बोटं फिरवली. हा श्वास रोखून उभा. खरखर आलीच नाही! त्याला वाटलं, आज नशीब जोरावर आहे. रस्ताभर शीळ घालत आला. शीळ जिन्यात बंद पडली. काळीला त्याने खरखरीच्याच पेटीत ठेवलं, झाकण लावलं आणि तेव्हापासून बायको समोर बसली की तो पेपर उघडायचा.

आज रविवार, ते दुकान बंद. आजचा दिवस निभावला की उद्या सकाळी मालकाचे पाय धरायचे, काळी परत द्यायची आणि खरखरी आणून खुंटीला टांगायची. कुणाला पत्ता लागणार नाही.

त्याने काळी मांडीवर घेतली. चाल साधीच होती, त्या एका खोलीत वाजवायचा तीच. चाल जाड तारेवरच्या त्या जागी आली. खर्रर्र. फिरून आली. खर्रर्र. कार्डाच्या घडीने कामगिरी चोख बजावली.

बायकोने खिडकीच्या गजावरून बोट फिरवलं आणि बोटाला लागलेली धूळ बघत राहिली.

"काय गं? ओळखलीस ना?"

"खरखर तीच आहे."

"असणारच! तुझी सही ती. जन्मात पुसायची नाही."

या वेळी खांदे हलले नाहीत.

"पेटीच्या खिशात हात घाल," ती म्हणाली.

"कशाला?"

"घाल तर. तू जास्तीच्या तारा ठेवायचास तिथे."

त्याने हात घातला. तारांच्या गंजक्या वेटोळ्याखाली काहीतरी बोटाला टोचलं. बाहेर काढलं तर लाल रिबिनीच्या फुलात खोचलेली धातूची एक बारकी पट्टी. झिजलेली, एका टोकाला वाकलेली.

"गेल्या वर्षी तू फ्रेमांच्या प्रदर्शनाला गेला होतास ना, तेव्हा खरखरी नेली होती दुरुस्तीला. कारागिराने ही उचकटलेली पट्टी काढून नवी बसवली." ती खिडकीशीच बोलत होती. "म्हटलं, लग्नाच्या वाढदिवसाला वाजवेल. खरखर यायची नाही, हा चक्रावेल, पेटी धुंडाळेल. एकदा तरी तुझी फजिती बघायची होती. तर तू वाजवलीच नाहीस. मग म्हटलं, पाहुणे आले की वाजवेल. मग म्हटलं, माझ्या वाढदिवसाला तरी."

त्याने तारेखालची घडी ओढली. ती घट्ट बसली होती, नखाने उकरून काढावी लागली. उलगडली, तर त्यावर छापलेला अर्धा चष्मा.

"अगं, मी उद्या सकाळीच जाऊन..."

"उद्या सकाळी आईला आणायचंय."

"हो," तो म्हणाला. "हो, ते आहेच."

पट्टी त्याच्या तळहातावर होती. रिबिनीचं फूल धुळीने मळलं होतं. बायकोने अजून मागे वळून पाहिलं नव्हतं. त्याच्याच दुकानातल्या आवाजात, हळूच, तिने विचारलं, "आता? आता स्पष्ट दिसतंय?"