घरच्यांनी दिलेलं उत्तर

परदेशात, टिलबर्गच्या विद्यापीठात, इरावती देशोदेशींच्या आरोग्य-पाहण्यांतले अपंगत्वाचे प्रश्न वर्गवार लावायची. चालण्याचे, ऐकण्याचे, आठवण्याचे. ज्याच्याबद्दल प्रश्न असे त्या माणसाऐवजी त्याच्या घरच्यांनी दिलेली उत्तरं ती सरळ बाजूला काढायची. मायेची माणसं खरं सांगत नाहीत, हा तिचा हेका.

लॉकडाऊनमध्ये दर रविवारी ती साताऱ्याला फोन लावायची. "बाबा कुठायत?"

"मजेत आहेत. आत्ताच डोळा लागलाय," आई म्हणायची. इरावतीला ते दर वेळी पटायचं.

बाबा गेले तेव्हा विमानं बंद होती. अंत्यविधी तिने मोबाइलवरच पाहिला. नंतर आई म्हणाली, "वर्षभर तुला ओळखत नव्हते गं. तुझा फोटो दाखवला की म्हणायचे, कुणाची पोर ही? गुणी दिसते."