दुसरी यिक्के

फ्राउक्येचं पत्र येऊन चार वर्षं झाली होती आणि हार्म मास्तरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

"मास्तर, तुमच्या पुस्तकात माझ्या यिक्के मावशीचं नाव नाही. ती दुसऱ्या वर्षीच वारली, असं तुम्ही समितीला सांगितलंत म्हणे. मग मला बोट धरून चालायला कुणी शिकवलं? मी आता सत्तरीला आले. जमलं तर कळवा."

मिशिगनच्या दलदलीत चर खणून सेलरीची भाजी पिकवणाऱ्या डच लोकांचं ते गाव. गावाच्या शताब्दीला 'आपली थोर माणसं' हे पुस्तक निघालं, त्यात पाद्री होते, कारखानदार होते, एक आमदारही होता. ज्या साली सगळी सेलरी कुजली, त्या साली यिक्के होक्स्ट्रा एकेक सरी हिंडली, तगलेल्या रोपांचं बी तिने धरलं आणि घरोघर चिमूट चिमूट वाटलं. म्हातारी माणसं तिचं नाव काढत. पण चर्चची नोंदवही मास्तरांकडे असे, आणि तीत स्पष्ट लिहिलं होतं: यिक्के होक्स्ट्रा, मृत्यू १८८१, वय दोन.

पत्र आल्यावर मास्तरांनी नोंदवही पुन्हा उघडली आणि पुढचं पान उलटलं. बाप्तिस्मा १८८३, यिक्के होक्स्ट्रा. गेलेल्या लेकराचं नाव पाठच्याला ठेवायचं, ही तर घरोघरची रीत. शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली. आणि आपण? कितीदा कागद पुढे ओढला, पण पहिलं वाक्यच जुळेना.

आता सोमवारी दुसरी आवृत्ती छापायला जाणार होती. गुरुवारी दुपारी मास्तर नोंदवही छातीशी धरून चर्चच्या तळघरात बैठकीला गेले.

"पानं जुळलीत, मास्तर," अध्यक्ष रूलोफ ब्रांड्स्मा म्हणाला. एके काळचा त्यांचाच विद्यार्थी. "एकाला आत घ्यायचं तर एकाला बाहेर काढावं लागेल. घ्या, पेपरमिंट घ्या."

प्रवचनाला बसल्यावर तोंडात धरायची ती गोळी. म्हणजे आता गप्प बसा. मास्तरांनी ती घेतली आणि खिशात टाकली.

"यिक्के होक्स्ट्राचं नाव घालायचंय."

"अहो, ती दोन वर्षांची असताना गेली! नोंदवही खोटं बोलत नाही, हे तुम्हीच शिकवलंत आम्हाला."

"नोंदवही खरंच बोलते. मीच पान उलटलं नव्हतं." मास्तरांनी १८८३चं पान उघडून पुढे सरकवलं. "रूलोफ, दफनभूमीत तिसऱ्या ओळीत जा. हार्म डाइकहाउस, वय एक, असा दगड आहे. माझा थोरला भाऊ. तुझ्या हिशोबाने मीही मेलोय, आणि अकरा वर्षं तुमच्या बैठकांना येतोय."

कॉफी ओतता ओतता समितीतली ग्रीत्ये ट्यूइन्स्ट्रा खो खो हसली. "रूलोफ, मेलेल्या माणसाशी वाद घालू नये बाबा!"

"हसू नका ग्रीत्येबाई. पान कुठून आणू? कुणाच्या आजोबांना काढू?"

"कुणाच्याच नको," मास्तर म्हणाले. "माझी प्रस्तावना काढ. एक पानच आहे."

ती प्रस्तावना त्यांनी नऊदा लिहिली होती. छापून आलेलं त्यांचं तेवढंच लेखन. हे रूलोफलाही माहीत होतं. त्याने पेन्सिल उचलली.

"नक्की ना, मास्तर?"

"काट."

रूलोफने रेघ मारली.

निघताना मास्तरांनी हळूच विचारलं, "ग्रीत्ये, फ्राउक्ये... आहे ना गं?"

"न असायला काय झालं? परवाच फोनवर माझ्या वाटाण्याच्या सूपला नावं ठेवली तिनं!"

घरी येऊन मास्तर कोट न काढताच टेबलाशी बसले. "फ्राउक्येबाई, मी तुमच्या मावशीला ती दोन वर्षांची असतानाच मारलं. चूक माझी होती, आणि ती कळूनही चार वर्षं गप्प राहिलो, ही त्याहून मोठी. तिचं पान आता पुस्तकात आहे. सेलरीच्या बियांची हकिगत तुम्हीच सांगा, मी उतरवून घेईन. शनिवारी येऊ का? फोनवर कळवा."

वाचून पाहिलं तर फाडावंसं वाटेल, म्हणून त्यांनी ते वाचलंच नाही. पाकीट चिकटवलं, कोपऱ्यावर गेले आणि निळ्या टपालपेटीत टाकलं. मग झाकण पुन्हा उघडून, पत्र खाली पडलंय ना, ते वाकून पाहिलं.